विश्लेषण : सोडतीत घर लागते, मग परत का केले जाते? परवडणाऱ्या घरांचा न जुळणारा हिशेब

ऑक्टोबर २०२४ मध्ये म्हाडाच्या मुंबई मंडळाने २,०३० घरांची सोडत काढली. अनामत रकमेसह अर्ज आले सुमारे १ लाख १३ हजार. म्हणजे एका घरामागे ५५ जण रांगेत. चार महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, सिडकोने नवी मुंबईतील २६ हजार घरांची सोडत काढली. तिथे पात्र अर्ज घरांच्या संख्येपेक्षाही कमी, २१ हजारांच्या आसपास भरले. ज्यांना घर लागले, त्यांच्यापैकीही अनेकांनी ते नाकारले.

महानगर प्रदेश एकच, घराची गरज असलेली माणसेही तीच. मग एकीकडे झुंबड आणि दुसरीकडे नकार असे का? याचे उत्तर घरांच्या संख्येत सापडत नाही. ते जमीन कोणाची, पैसा कोणाचा आणि त्या पैशावरचे व्याज किती, या तीन प्रश्नांत दडले आहे.

एका कुटुंबाला किती किमतीचे घर झेपते?

आधी साधा हिशेब. मुंबई महानगरात म्हाडाच्या अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा वार्षिक ६ लाख रुपये आहे. म्हणजे महिन्याला ५० हजार. घरखर्च, शाळेची फी, प्रवास आणि औषधपाणी धरले तर उत्पन्नाच्या ४० टक्के, म्हणजे २० हजार रुपये हप्ता ही ओढूनताणून गाठलेली कमाल मर्यादा.

साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी कर्ज घेतले तर एक लाखामागे मासिक हप्ता साधारण ८६८ रुपये पडतो. या दराने २० हजारांच्या हप्त्यात २३ लाखांचे कर्ज बसते. त्यात स्वतःची १० टक्के रक्कम घातली तर घराची किंमत होते साडेपंचवीस लाख. त्या गटाच्या वरच्या टोकावरील कुटुंबाची ही कमाल झेप. महिना ३० हजार कमावणाऱ्याचे गणित १५ लाखांच्या आसपासच थांबते.

आता सिडकोने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलेल्या किमती पाहा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठीच्या या योजनेत वाशी ट्रक टर्मिनल येथील घराची किंमत होती ७४ लाख १० हजार, तर खारघर स्थानकाजवळील घराची ९७ लाख २० हजार. वाशीच्या घरासाठी बँकेने ८० टक्के कर्ज दिले तरी सुमारे १५ लाख रुपये हातात हवेत आणि हप्ता ५१ हजारांच्या पुढे जातो. महिना ७५ हजार कमावणाऱ्या घरातही दोन तृतीयांशहून अधिक पगार हप्त्यात संपतो. अशा घराला ‘अल्प उत्पन्न गटाचे घर’ म्हणणे हे फक्त कागदावर शक्य आहे.

‘परवडणारे’ची सरकारी व्याख्या काय?

व्याख्या एक नाही, अनेक आहेत, आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

वस्तू व सेवा कराच्या नियमांत महानगरातील परवडणारे घर म्हणजे ६० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्रफळाचे आणि ४५ लाखांपर्यंत किमतीचे. बांधकाम सुरू असलेल्या अशा घरावर एप्रिल २०१९ पासून १ टक्का कर लागतो, त्यापुढील घरावर ५ टक्के. प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदानासाठी घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असावे लागते. म्हाडाचे गट उत्पन्नावर ठरतात, पण घराची किंमत त्या उत्पन्नावरून काढली जातेच असे नाही.

याचे टोकाचे उदाहरण २०२३ च्या सोडतीत दिसले. ताडदेवमधील म्हाडाच्या एका घराची किंमत होती ७ कोटी ५७ लाख रुपये. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, विकासकांकडून पुनर्विकासातून मिळालेल्या ३७० घरांच्या किमतींवर टीका झाली, तेव्हा म्हाडाला त्या गटानुसार १० ते २५ टक्क्यांनी कमी कराव्या लागल्या. अत्यल्प गटासाठी २५ टक्के कपात ऐन अर्जप्रक्रियेत करता येत असेल, तर मुळात ती किंमत कोणाकडे पाहून ठरवली होती, हा प्रश्न उरतोच.

४५ लाखांची मर्यादा वाढवा, ही बांधकाम क्षेत्राची जुनी मागणी आहे. मुंबईत या किमतीत नवे घर बांधणे अशक्यप्राय झाले आहे, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण मर्यादा ७५ लाख केली म्हणून पन्नास हजार पगाराच्या माणसाला घर मिळत नाही. कालपर्यंत मध्यमवर्गीय म्हणून विकले जाणारे घर उद्यापासून ‘परवडणारे’ या नावाने विकले जाईल आणि करसवलत त्याला मिळेल, एवढाच बदल होईल.

घराची किंमत वाढते कुठे?

सिमेंट, सळई आणि मजुरी यांचा दर वाशीत आणि वांगणीत फारसा वेगळा नसतो. फरक पडतो जमिनीत, परवानगीच्या शुल्कात आणि व्याजात.

जमिनीचा मुद्दा सर्वांना ठाऊक आहे. त्यामागच्या कर्जाचा मुद्दा कमी बोलला जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार खासगी विकासकाला जमीन खरेदीसाठी बँका कर्ज देऊ शकत नाहीत. जमिनींच्या किमतीत सट्टेबाजी होऊ नये, हा त्यामागचा हेतू आणि तो रास्तही आहे. परिणाम असा, की जमिनीसाठीचा पैसा विकासक स्वतःच्या खिशातून, बिगर बँक वित्तसंस्थांकडून किंवा खासगी गुंतवणूकदारांकडून उभा करतो. तो महाग असतो.

उदाहरणादाखल, १० कोटींची जमीन १५ टक्के व्याजाच्या पैशाने घेतली आणि प्रकल्प तीन वर्षांत संपला, तर चक्रवाढीने जमिनीचा खर्च १५ कोटी २० लाख होतो. परवानग्या, वाद आणि नकाशातील फेरबदल यांत पाच वर्षे गेली तर तोच खर्च २० कोटींच्या वर जातो. दोन वर्षांच्या दिरंगाईत जवळपास पाच कोटी रुपये वाढले, आणि त्यातून एक वीटही जास्तीची लागली नाही. ही रक्कम शेवटी भरतो घर घेणारा.

सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस अडचणीत आल्यानंतर बिगर बँक संस्थांचा हा ओघ आटला आणि देशभरात अर्धवट इमारतींचे सांगाडे उभे राहिले. अडकलेले प्रकल्प पूर्ण करण्यासाठी केंद्राने नोव्हेंबर २०१९ मध्ये २५ हजार कोटींच्या ‘स्वामीह’ निधीची घोषणा केली. त्यातून पूर्ण झालेला पहिला प्रकल्प बोरिवलीतील होता. २०२५ च्या अर्थसंकल्पात याच धर्तीवर १५ हजार कोटींचा दुसरा निधी जाहीर झाला. हे उपाय आवश्यकच होते, पण आग लागल्यावर आणलेल्या बंबासारखे. आग लागू नये म्हणून लहान घरांना स्वस्त आणि लांब मुदतीचा बांधकाम पैसा देणारी व्यवस्था अजूनही तोकडीच आहे.

सरकार देते किती, घेते किती?

मुंबईत खुल्या बाजारात कोणी ३५ लाखांचे, बांधकाम सुरू असलेले घर घेतले असे समजा. मुद्रांक शुल्क आणि मेट्रो अधिभार मिळून ६ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. वस्तू व सेवा कर १ टक्का, म्हणजे ३५ हजार. एकूण २ लाख ७५ हजार रुपये सरकारी तिजोऱ्यांत जातात.

त्याच कुटुंबाला आवास योजनेच्या व्याज अनुदानातून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये मिळतात, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. घर महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते आणि आवास योजनेच्या भागीदारीतील प्रकल्पांना वेगळी सूट आहे. तरीही बाजारातून पहिले घर घेणाऱ्याकडून सरकार पहिल्याच दिवशी जे घेते, त्याहून कमी रक्कम पुढच्या पाच वर्षांत परत करते.

यात विकासकाने भरलेले अधिमूल्य मोजलेलेच नाही. मुंबईत मूळ चटई क्षेत्र निर्देशांक शहरात १.३३ आणि उपनगरांत १ आहे. त्यापुढचे बांधकाम अधिमूल्य भरून किंवा हस्तांतरणीय विकास हक्क विकत घेऊन करावे लागते. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने वर्षअखेरपर्यंत अधिमूल्यात ५० टक्के सवलत दिली. सवलतीसाठी प्रस्तावांची रांग लागली, घरांच्या किमती मात्र त्या प्रमाणात उतरल्या नाहीत. सरसकट सवलत दिली की ती किमतीत न उतरता नफ्यात मुरते, हा त्याचा धडा. सवलत द्यायची तर ती लहान घरांना आणि विक्री किमतीच्या अटीवरच द्यायला हवी.

झोपु योजनेने प्रश्न का सुटला नाही?

१९९५ मध्ये मुंबईतील ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा झाली आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. रचना हुशारीची होती. सरकारने पैसा घालायचा नाही, विकासकाला जादा बांधकामाचा हक्क द्यायचा, त्याने विक्रीची इमारत बाजारभावाने विकायची आणि त्या नफ्यातून झोपडीवासीयांना घर बांधून द्यायचे. सुरुवातीला २२५ चौरस फुटांचे असलेले घर पुढे २६९ आणि आता ३०० चौरस फुटांचे झाले.

मात्र या रचनेत गरिबाचे घर श्रीमंताच्या घराच्या किमतीवर उभे असते. वरळी, वांद्रे येथे विक्रीची इमारत सोन्याच्या भावाने जाते, म्हणून तिथे विकासक धावतो. मानखुर्द-गोवंडीत विक्रीला भाव नाही, म्हणून तिथली योजना कागदावर पडून राहते. बाजार मंदावला की विकासक काम थांबवतो आणि संक्रमण शिबिरातले किंवा भाड्याच्या खोलीतले कुटुंब थांबलेल्या भाड्याच्या धनादेशाची वाट पाहत बसते. २०११ च्या जनगणनेत, म्हणजे योजना सुरू होऊन १५ वर्षे उलटल्यावरही, बृहन्मुंबईची सुमारे ४२ टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत होती.

या रचनेतला आणखी एक पेच आहे. शहरातील घरे महाग राहिली तरच ती चालते. किमती उतरल्या तर पुनर्वसन थांबते. म्हणजे घरांच्या किमती चढ्या राहण्यात गृहनिर्माण धोरणाचेच हित गुंतले आहे.

शहराबाहेर जमीन स्वस्त आहे, मग तिथेच घरे का नकोत?

हा प्रयोगही झाला आहे. विरार-बोळिंज येथे म्हाडाच्या कोकण मंडळाची हजारो घरे वर्षानुवर्षे विक्रीविना पडून होती. पुरेसे पाणी नाही आणि पोहोचणे अवघड, ही तक्रार सुरुवातीपासून होती. शेवटी ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ असे म्हणत ती विकायची वेळ आली. इमारत उभी राहिली म्हणजे घर तयार झाले, या समजुतीची ती किंमत होती.

गिरणी कामगारांची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी आहे. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा परवडणाऱ्या घरांसाठी ठेवला होता. २००१ मधील दुरुस्तीने हा वाटा केवळ मोकळ्या जागेपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. परळ-लालबागच्या जागेवर मॉल आणि उत्तुंग इमारती आल्या. दीड लाखांहून अधिक कामगार आणि वारस घरासाठी अर्ज करून बसले. आता त्यांना बदलापूरच्याही पुढे, कर्जत मार्गावरील शेलू आणि वांगणी येथे घरे देऊ केली जात आहेत. ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानात जमलेल्या कामगारांचे म्हणणे एवढेच होते, की ज्या शहरात आयुष्य घालवले त्या शहरात घर हवे.

भावनेचा भाग बाजूला ठेवला तरी हिशेब कामगारांच्याच बाजूचा आहे. मुंबईत चार घरी स्वयंपाक करणारी बाई, रुग्णालयातील आया, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक यांचे घर कामापासून अडीच तासांवर गेले, तर स्वस्त घरातली बचत पास, शेअर रिक्षा आणि बुडालेल्या तासांत संपते.

कर्ज मिळते कोणाला?

पगारपत्रक आणि आयकर विवरण असलेल्याला बँक दारात उभी करून घेते. रिक्षाचालक, भाजीविक्रेता किंवा घरगुती डबे देणारी महिला यांचे उत्पन्न तेवढेच असले तरी ते कागदावर दिसत नाही. सोडतीत नंबर लागूनही कर्जाअभावी घर सोडणारे यांच्यातच अधिक. त्यांना कर्ज देणाऱ्या लहान गृहवित्त कंपन्या आहेत, पण त्यांचा व्याजदर बँकेपेक्षा जास्त. म्हणजे ज्याला कमी परवडते, त्याचाच हप्ता मोठा.

आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात अशा कर्जांना हमी देणाऱ्या निधीचे भांडवल एक हजारावरून तीन हजार कोटी करण्याचा निर्णय झाला. सर्व योजनांत हा कमी गाजलेला, पण सर्वात उपयोगी निर्णय ठरू शकतो. त्यासाठी सोडतीतील विजेत्यांच्या यादीशी ही हमी आपोआप जोडली गेली पाहिजे. विजेत्याने बँकेच्या दारोदार फिरायचे, ही सध्याची पद्धत उलटी आहे.

प्रत्येकाने घर विकतच का घ्यावे?

मुंबईत २०११ च्या जनगणनेत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूंना संरक्षण मिळाले, पण भाड्यासाठी नव्या चाळी बांधणे थांबले आणि जुन्यांची डागडुजीही थांबली. त्याआधी मात्र या शहराने कामगाराला भाड्याची खोली दिली होती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणि १९२० च्या दशकातील बीडीडी चाळी ही सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या भाड्याच्या घरांची उदाहरणे. खोली १६० चौरस फुटांची, पण कामाच्या जवळ. त्याच चाळींच्या पुनर्विकासातून ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षे जमीन सरकारकडे राहिली, म्हणूनच हे जमले.

२००८ मध्ये एमएमआरडीएने पुन्हा भाड्याच्या घरांची योजना आणली. घर तेच १६० चौरस फुटांचे, जागा मात्र बहुतांश महानगराच्या कडेला. भाडेकरू कोण, व्यवस्थापन कोणाचे, याची उत्तरे नव्हती. अखेर त्यातली बरीच घरे गिरणी कामगारांकडे आणि प्रकल्पग्रस्तांकडे वळवावी लागली. योजना फसली ती भाड्यामुळे नव्हे. चुकीच्या जागेमुळे आणि मालक-व्यवस्थापक नसल्यामुळे.

नव्या धोरणात काय आहे?

मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘माझे घर, माझे अधिकार’ हे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. २००७ नंतरचे हे पहिलेच. २०३० पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ३५ लाख घरे, ७० हजार कोटींची गुंतवणूक, २० हजार कोटींचा ‘महाआवास निधी’, शासकीय जमिनींची बँक आणि नोकरदार महिला, विद्यार्थी, औद्योगिक कामगार यांच्यासाठी भाड्याची घरे असे त्यात बरेच काही आहे.

दिशा योग्य आहे. पण आकड्यांना आकड्यांनीच तपासायला हवे. ७० हजार कोटींना ३५ लाखांनी भागले तर एका घरामागे येतात दोन लाख रुपये. दोन लाखांत मुंबईत घर सोडा, घराची पार्किंगही येत नाही. उरलेला पैसा विकासक आणि ग्राहक घालणार असेल, तर घराची किंमत पुन्हा बाजारच ठरवणार. त्यामुळे या धोरणाचे यश निधीपेक्षा जमीन बँकेवर अवलंबून आहे.

मग मार्ग कोणता?

सिंगापूरचे नाव या चर्चेत नेहमी येते. तिथे सुमारे ८० टक्के नागरिक १९६० मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाच्या घरांत राहतात. इथे सांगितल्या जातात त्या उंच इमारती. सांगायचे राहते ते हे, की जमीन सरकारची असते, घर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले जाते आणि हप्ता भविष्यनिर्वाह निधीसारख्या बचतीतून भरता येतो. जमीन, पैसा आणि मुदत या तिन्ही गोष्टी एका सूत्रात बांधलेल्या.

मुंबईला सिंगापूर होण्याची गरज नाही. चार गोष्टी इथल्या कायद्यांतही शक्य आहेत.

पहिली, सोडतीतील घराची किंमत उत्पन्नावरून उलटी काढावी. सहा लाख उत्पन्न गटाचे घर साडेपंचवीस लाखांच्या आत बसत नसेल, तर ते त्या गटात टाकू नये.

दुसरी, स्थानके, डेपो, बंदर आणि गोदामांच्या सार्वजनिक जमिनी सर्वाधिक बोलीला विकू नयेत. भाडेपट्ट्याने द्याव्यात आणि त्यांचा ठरावीक हिस्सा भाड्याच्या घरांसाठी राखावा. लिलावातून एकदा मिळणारा पैसा मोठा दिसतो, पण गेलेली जमीन परत येत नाही. गिरणगावाने हे दाखवून दिले आहे.

तिसरी, लहान घरांच्या प्रकल्पांकडून अधिमूल्य सुरुवातीला न घेता भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी घ्यावे आणि परवानगीला मुदत घालावी. यात सरकारचा एक रुपयाही माफ होत नाही, फक्त त्यावरचे व्याज वाचते.

चौथी, पाणी, शाळा आणि बस यांची सोय झाल्याशिवाय सोडतीची जाहिरात निघू नये.

यावर आक्षेप येईल, की लिलाव आणि अधिमूल्य सोडले तर मेट्रो, रस्ते आणि पाण्यासाठी पैसा कुठून येणार? प्रश्न रास्त आहे. पण शहर चालवणाऱ्या माणसाच्या घरावर कर लावून शहराची तिजोरी भरायची आणि मग त्याच माणसासाठी अनुदानाची योजना काढायची, हा फेरा कधीतरी मोडावा लागेल.

तोपर्यंत पुढच्या सोडतीची जाहिरात मोबाइलवर आली, की अर्जदारांनी घराच्या किमतीखाली आणखी तीन आकडे स्वतः लिहून पाहावेत : मासिक हप्ता, इमारतीचा देखभाल खर्च आणि कामावर जाण्या-येण्याचा खर्च. तिन्हींची बेरीज पगाराच्या निम्म्याहून जास्त होत असेल, तर घर लागूनही ते हातात राहणार नाही. खरे तर हे तीन आकडे जाहिरातीतच छापण्याची सक्ती म्हाडा आणि सिडकोवर असायला हवी. तेवढे झाले तरी ‘परवडणारे’ हा शब्द वापरण्याआधी दोघांनाही आधी गणित करावे लागेल.